दंडावरचा बिल्ला

मुलुंड पूर्व
१७ जानेवारी २०२५

चि. अक्षता,

आशीर्वाद शेवटी लिहीन, राग उतरला तर.

फोन मी बंद केलेला नाही. स्वयंपाकघरात तांदळाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवलाय, वाजू दे तिथे. तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही. माझं वाक्य अर्धं होतं न होतं तोच तुझं "आई, ऐक ना" सुरू होतं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच दे. बोरिवलीत पोस्ट ऑफिस आहे, मला माहीत आहे.

काल दुपारी काय झालं ते सेक्रेटरीने, त्या चंद्रप्रकाशने, तुला सांगितलंच असेल. आता माझ्याकडून ऐक. मी जेवले, भांडी घासली, जाळीचं दार नुसतं लोटलं, लाकडी दाराला आतून कडी घातली आणि पडले. डोळा लागला. जाग आली ती धाडधाड आवाजाने. कडी तुटून भिंतीवर आपटली आणि आत कोण, तर चंद्रप्रकाश, वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोन बाप्ये, ज्यांची मला नावंसुद्धा ठाऊक नाहीत. मी गाऊनवर, केस सुटलेले, दात वाटीत. त्याने माझी मान धरली आणि साखरेचं पाणी तोंडात ओतलं. अर्धं नाकात गेलं. मी ओरडतेय, मेल्या, सोड, धडधाकट आहे मी, आणि तो बाकीच्यांना सांगतोय, "शुगर लो झाली की माणूस असंच बडबडतं, अक्षताताईंनी सांगितलंय."

हे तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा शेजारच्या शकुने दार बडवून उठवलं आणि बळेबळे साखर खायला लावली. ती माझी मैत्रीण, तिचं मी मनावर घेतलं नाही. पण काल पूर्ण जिन्यात माझी शोभा झाली. आज खाली दूध आणायला गेले तर बाकावरच्या बायका म्हणतात, "आता बरं आहे ना, आजी?" जशी काही मी मरता मरता वाचलेय.

नाहूरच्या कारखान्यांतली माणसं तीस वर्षं माझ्या खानावळीत जेवली. कोणाला किती वाढायचं ते मी तोंडाकडे बघून ओळखायचे. आता माझ्या अंगात किती साखर आहे ते तुला बोरिवलीत बसून फोनवर दिसतं, आणि मला विचारायची तुला गरज वाटत नाही. डिसेंबरात माझ्या दंडावर साखर मोजणारा हा बिल्ला चिकटवलास तेव्हा म्हणालीस, "आई, हा तुझ्यासाठी आहे." माझ्यासाठी आहे तर मग त्याचं ऐकून माझं दार का फोडतात?

शिरा पडो त्या अ‍ॅपवर. दाराला सध्या सुतळी बांधलेय.

तुझी आई


बोरिवली पश्चिम
२० जानेवारी २०२५

ती. आईस,

नमस्कार. रागातच करतेय, गोड मानून घे.

पत्र लिहायला लावलंस, लिहितेय. आता तुलाही मध्ये बोलता येणार नाही.

गणपतीच्या आधी तू ओट्याखाली पडलेली सापडलीस. गॅस चालू, तव्यावर चपातीचा कोळसा. शकुमावशीला जळका वास आला म्हणून आज तू मला पत्र लिहितेयस. त्यानंतर मला फोन वाजला तरी धडकी भरायची आणि नाही वाजला तरी. तो बिल्ला मी हौस म्हणून लावलेला नाही.

त्या दिवशी काय झालं ते माझ्या बाजूने ऐक. मी ऑफिसात, समोर साहेब. फोन किंचाळतो. बघते तर तुझी साखर ५४ आणि अजून घसरतेय असा खाली बाण. तुला फोन लावते, लावते, लावतच राहते. तू उचलत नाहीस. शकुमावशी बँकेत. मी काय करायचं होतं? बोरिवलीहून मुलुंडला पोचेपर्यंत दीड तास. तुझी अब्रू सांभाळत बसले असते तर आणि खरंच काही झालं असतं तर? केस सुटलेले होते म्हणे. सुटू देत.

बाबांच्या वेळी मी लहान नव्हते. साखरेपायी आधी पायाचा अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "मला काय धाड भरलेय." आपण त्यांचं ऐकत राहिलो. तू आता अगदी त्यांच्यासारखी बोलतेस.

आणि एक विचारते, खरं सांग. साखर रोज दुपारीच का पडते? सकाळी इन्सुलिन घेतेस आणि जेवत नाहीस. हेच आहे. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून चहा-खारीवर भागवतेस आणि मला फोनवर सांगतेस की मासे केले होते. मी डॉक्टरांना रोजचे आलेख पाठवले. त्यांनी तुझा सकाळचा डोस कमी केलाय, शकुमावशीकडे निरोप दिला होता, तो तू पाळतेयस असं ती म्हणाली. तेवढं तरी ऐकलंस.

देवेशने आतली खोली रिकामी केलीय. जावई असून तो तुझ्यासाठी धडपडतोय, आणि तू तुझ्या कडीचं घेऊन बसलीस. महिनाअखेरीला इकडे यायचं. मुलुंडच्या घराला कुलूप. यावर आता चर्चा नको.

अक्षता


मुलुंड पूर्व
२३ जानेवारी २०२५

चि. अक्षता,

आजही आशीर्वाद शेवटी.

मी खोटं बोलते असं तू कागदावर लिहून पाठवलंस. तीन वेळा वाचलं, की मला नीट कळतंय ना. माका शिकवतंस तू, जेवण काय असतं ते?

काल दुपारी मी काय जेवले ते लिहिते. बांगड्याचं तिखलं, भात, एक तांदळाची भाकरी, सोलकढी. शकुला पण वाटीभर दिलं, तिला विचार. खानावळीचा तवा उतरवल्यापासून एक दिवस असा गेला नाही की मी ताटावर बसून जेवले नाही. आणि जेवल्यावर मी पडते. तुझ्या आजोबांनी लावलेली सवय आहे, जेवल्यावर वामकुक्षी, डावी कूस म्हणजे डावीच, कोणी उताणं पडलं की ते खोकून टोकायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून यात खंड नाही. रात्री पाठ टेकते, दुपारी डावी कूस. आता यात तुला काय चहा-खारी दिसली?

आणखी ऐक. काल दुपारी डब्यातून तुझं ते भोंगं वाजलं. मी उठले. अंगाला घाम नाही, हात थरथरत नाहीत, डोळ्यापुढे अंधारी नाही. मागच्या वेळी पडले तेव्हा काय काय झालं होतं ते मला चांगलं आठवतंय, तसलं काही नाही. डब्यातल्या फोनवर ५७. मी कपाटातून जुनं मशीन काढलं आणि बोट टोचलं. १४८. आता सांग कोण खोटं बोलतंय, मी, माझं बोट, की तुझा बिल्ला?

सकाळचा डोस कमी केल्यापासून संध्याकाळी मला सारखी तहान लागते, तोंडाला कोरड पडते. ते पण तुझ्या डॉक्टरांना सांग. पण तू नाही सांगणार. तू आलेख पाठवशील.

देवेशरावांना माझा निरोप दे. खोली त्यांनी परत भरावी. ते भले गृहस्थ आहेत, माझा राग त्यांच्यावर नाही.

घराला कुलूप लावायचं असेल तर मी आत असताना लाव.

आई


बोरिवली पश्चिम
२८ जानेवारी २०२५

आई,

बोट टोचण्याआधी हात धुतले होतेस का? बोटाला गोड लागलेलं असलं की ते मशीन वाढीव आकडा दाखवतं. तीस वर्षं खानावळ चालवली म्हणून सगळंच कळतं असं नसतं.

दुपारी ५०-५५ आणि संध्याकाळी तीनशेच्या घरात. तुझं म्हणणं दोन्ही बाबतीत तुझी चूक नाही. मग कोणाची? दुपारी जेवायचं नाही आणि संध्याकाळी संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू खात बसायचं. आई, तू कितीही नाकारलंस तरी आलेख माझ्यासमोर आहे. तो माझ्यावर रुसत नाही आणि मला टोमणे मारत नाही.

डॉक्टरांशी बोलले. संध्याकाळचा डोस वाढवायला सांगितलाय. शकुमावशीला किती ते नीट सांगितलंय, ती तुला भरून दाखवेल.

अजून एक. तुला हवं होतं ना की मी बघू नये? नाही बघत. सोमवारपासून मी माझ्या फोनवरचा अलार्म बंद केलाय. ऑफिसात मी वेडी झालेय असं लोकांना वाटायला लागलंय. रोज दुपारी तेच, आणि उलट शिव्या मलाच. थकले मी.

रविवारी, दोन तारखेला, टेम्पो घेऊन येते. सामान बांधून ठेव. नसेल बांधलं तर मी बांधेन.

अक्षता


मुलुंड पूर्व
३१ जानेवारी २०२५

अक्षता,

आज सकाळचं सांगते. नळाला पाणी यायच्या वेळेला मला जाग आली. गाऊन ओलाचिंब. हात असे थरथरत होते की पांघरूण बाजूला करता येईना. आणि डोक्यात काय, तर पडून राहू थोडं, उठू सावकाश. पाण्याचं काय, भरू नंतर. भीतीसुद्धा वाटली नाही. आता लिहिताना वाटतेय.

तेवढ्यात तांदळाच्या डब्यात तो फोन बोंबलायला लागला. थांबेचना. मला त्याचा असा संताप आला की मी उठले. साखर खायला उठले नाही, त्याला गप्प करायला उठले. भिंत धरून गेले, डब्यात हात घातला, तांदूळ सांडले. फोनवर ४३. खरं सांगते, विश्वास बसला नाही. रोज दुपारी थापा मारणारा सकाळी खरं का बोलेल? पण माझे हात मला दिसत होते. साखरेच्या डब्यात मूठ घातली आणि तिथेच खाली बसून खाल्ली. निम्मी फरशीवर. थोड्या वेळाने हात धुतले, हो, साबणाने धुतले, आणि बोट टोचलं. ५१. आज माझं बोट आणि तुझा बिल्ला पहिल्यांदा एकमताने बोलले.

मग मी फोन हातात धरून बसले. तू करशील म्हणून. तुला दिसलंच असेल, आता वाजेल, आता वाजेल. पाणी येऊन गेलं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी नाही. मग आठवलं, तू अलार्म बंद केलायस.

संध्याकाळचा डोस मी माझ्या मनाने वाढवला नव्हता. मला तो पटलाही नव्हता. तू सांगितलंस म्हणून दोन दिवस घेतला. मी तुझं ऐकलं, अक्षता. तू माझं ऐकत नव्हतीस तेव्हाही मी तुझं ऐकलं, आणि त्यात मी मेले असते.

शकु मला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. ते बाहेरगावी आहेत, सोमवारी येतील. त्यांच्या जागी बसलेल्या बाईंनी तोवर संध्याकाळचा डोस पूर्वीइतका करायला सांगितलाय. आलेखात नाही हे, म्हणून कळवते.

रविवारी टेम्पो आणलास तर दार उघडणार नाही.

आई


बोरिवली पश्चिम
४ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचून झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन बसले. देवेशने दार वाजवलं तरी उघडलं नाही. तुझीच मुलगी.

रविवारी टेम्पो आणला नव्हता, तरी तू सेफ्टी डोअर उघडलं नाहीस. लाकडी दार उघडं टाकून जाळीपलीकडून मला ऐकवत राहिलीस. शकुमावशीने मला जिन्यात खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाली, "बस गं, तिचा पारा उतरेल." उतरला नाही. तू माझ्यासमोर पाट मांडून जेवलीस. सुरमई होती. मला विचारलंसुद्धा नाहीस. मग चटई घातलीस आणि माझ्याकडे पाठ करून पडलीस. इथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढचं तू घोरत होतीस म्हणून माहीत नाही, ते लिहिते.

मी चिडून अ‍ॅप उघडलं. भात, भाकरी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर पोटात गेलं होतं. साखर १५० च्या वर होती. तू पडलीस आणि काही वेळाने आकडा घसरायला लागला. ११०. ८०. मग ६० च्या खाली. बाण सरळ खाली. तू इतकी गाढ झोपली होतीस की तुझं घोरणं जिन्यात ऐकू येत होतं. मी जाळीला नाक लावून बघितलं. तू डाव्या कुशीवर, डावा दंड अंगाखाली, आणि तो बिल्ला चटईवर पार दाबला गेलेला.

मी हाका मारल्या तेव्हा तू उठून म्हणालीस, "मेली नाही अजून, जा घरी." तरी मशीन आणलंस, हात धुतलेस, मला दिसतील असे धुतलेस, आणि जाळीला बोट लावून टोचलंस. १५२. माझ्या हातातल्या फोनवर ५६. मशीन माझ्यासमोर धरून उभी राहिलीस. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. मग बघता बघता फोनवरचा आकडा आपोआप वर आला, कारण तू उठली होतीस.

सोमवारी मी क्लिनिकमध्ये गेले. डिसेंबरात पहिला बिल्ला लावायला मदत करणाऱ्या हेमांगीवर मी इतकी ओरडले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, सेन्सर दबला की तिथलं रक्त कमी पडतं आणि आकडा खोटा खाली जातो. म्हणून तर लावताना मी विचारलं होतं, आई कुठल्या कुशीवर झोपतात. तुम्हीच म्हणालात, उताण्या." खरं आहे. मी ठामपणे सांगितलं होतं, रात्री आई पाठ टेकून झोपते. दुपारचं तिने विचारलं नाही आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझी वामकुक्षी मी जन्मापासून बघतेय. तू पत्रात लिहिलीस तरी मी वाचून सोडून दिली, कारण मी लाडू शोधत होते.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. सकाळचा डोस पूर्वीचा केलाय, संध्याकाळचाही पूर्वीचाच ठेवायचा. सकाळच्या कमी केलेल्या डोसामुळे संध्याकाळचे आकडे चढत होते, लाडवांमुळे नाही. त्यांना तू स्वतः भेटून विचारावंस असं मला वाटतं. माझ्या तोंडून काही ऐकण्यात आता तुला राम वाटत नसेल.

तरी एक सांगते, आणि याचा राग आला तरी चालेल. मी चुकले, पण भ्यायले होते ते खोटं नव्हतं. शुक्रवारी सकाळी तो तांदळाच्या डब्यात वाजला नसता तर? हे मला रोज आठवतंय. बिल्ला काढायचा असेल तर काढ. मी काही म्हणणार नाही. बोरिवलीचंही नाव घेणार नाही.

अक्षता


मुलुंड पूर्व
८ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता,

सुरमईचं मला वाईट वाटलं. एक तुकडी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, पण द्यायची कशी, दार उघडणार नाही म्हणून बसले होते. रात्री शकुने खाल्ली.

राग गेलाय असं समजू नकोस. जिन्यातल्या बायकांना मी अजून आजारी म्हातारी आहे, ते तुझ्यामुळे. मी लाडू खात नव्हते हे तू लिहिलंस ते बरं केलंस. ते पत्र मी शकुला वाचून दाखवलं, चंद्रप्रकाशलाही दाखवणार आहे.

बिल्ला काढणार नाही. जुन्याची पंधरा दिवसांची मुदत संपली, तो टाकला. नवा उजव्या दंडावर लावला. शकुने आरसा धरला, मी स्वतः दाबला. मुंगी चावल्याइतकंच दुखतं आणि तू मला डोळे मिटायला लावायचीस. आता दुपारी पडले तरी तो गप्प असतो. आकडे मी स्वतः बघते. पोहे खाल्ले की तो कुठे जातो आणि भाकरी खाल्ली की कुठे थांबतो, ते मला तीन दिवसांत कळलं. आधी हा फोन मला धाक दाखवायला होता, म्हणून मी कधी त्याच्याकडे नीट बघितलंच नाही. परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांना म्हटलं, मुलीने काय पाठवलं ते ठेवा बाजूला, आधी माझ्याकडे बघा.

आता माझं ऐक. तुझा अलार्म चालू कर. आकडा खाली गेला की पहिला फोन मला. मी उचलला आणि म्हटलं बोट टोचते, तर थांबायचं, आणि मी सांगेन तो आकडा खरा धरायचा. माझा डोस माझ्या माघारी हलणार नाही. डॉक्टरांशी बोलायचं असेल तर मी समोर असेन. चंद्रप्रकाशला मी खाली गाठून सांगितलंय, शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतशील तर जीव घेशील, उचलायचं आणि दवाखान्यात न्यायचं. त्याने मान डोलावली. फोन डब्यातून काढलाय, उशाशी असतो.

आणि मी नाहीच उचलला, पुन्हा केलास तरी नाही, तर मग माझ्या अब्रूचा विचार करू नकोस.

सुतार काल येऊन गेला. जाड पितळी कडी घेऊन आला होता, म्हणाला, ही हत्तीच्या बापाला तुटणार नाही. मी ती परत केली. त्याला म्हटलं, पत्र्याची साधी बसव. तो म्हणाला, काकी, ही एका खांद्याने निघेल. म्हटलं, तेवढीच हवी.

अनेक आशीर्वाद.

आई